सतरा दिवसांची बाई

आणि वरून मलाच म्हणतात, "नंदाताई, आग तुम्हीच लावली!" मी? मी लावली? अहो, मी तारीफ केली होती, तारीफ! आता तुम्हीच सांगा, एखाद्या पोरीचं चित्र पाहून माणूस म्हणाला, "काय सफाई गं बाई, अगदी कॉम्प्युटरनं काढल्यावानी!" तर ही तारीफ झाली की चुगली झाली? आमच्या वेळेस कोणी म्हटलं ना, की हिचं अक्षर कसं छापल्यावानी आहे, तर ती पोरगी वर्षभर मान ताठ करून फिरायची. मला काय माहीत आता जमाना उलटा झाला, आता छापल्यावानी म्हटलं की पोरीला उभं करून जबाब घेतात!

थांबा, तुम्हाला सुरुवातीपासून सांगते, नाही तर तुम्ही पण अर्धंच ऐकाल आणि मलाच नावं ठेवाल. माझं घर जबलपुरात अधारतालला, मेन रोडवरून आत, वरचा मजला. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि समोरच्या अच्युतभाऊंच्या ऋचाची खिडकी, मधे गल्ली किती? एक ऑटो जाते, तीही आरसा आत मोडून. आता मी पोळ्या लाटताना तोंड कुठं करू? भिंतीकडे? भिंतीत काय पाहू, पोपडे? लोक उगाच म्हणतात नंदाताई पाहत असते. मी पाहत नाही हो... मला दिसते!

तर ही ऋचा. बारावी झालेली, गुणाची पोर, मराठी बोलते तर अर्ध्यात गाडी हिंदीवर जाते, पण हातात ब्रश आला की गप्प. तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं. आणि अच्युतभाऊ सरकारी नोकरीतले, पोटात सगळ्यांचं भलं आणि तोंडावर कायम अर्ज नामंजूर केल्यासारखं. ते म्हणाले, "मराठी मंडळाच्या चित्रस्पर्धेत पहिला नंबर आला तर कॉलेजचा फॉर्म भरू. नाही आला तर बँकेच्या परीक्षेचा क्लास, आणि पुन्हा रंगाचं नाव नाही." फॉर्मची शेवटची तारीख सोमवार. तुम्ही म्हणाल, हे तुम्हाला कसं माहीत? अहो, ते जेवताना एवढ्या मोठ्यानं बोलतात! कानाला काय झाकण असते?

पोरीनं काम सुरू केलं. सतरा दिवस! खुर्चीवर कॅनव्हास टेकवलेला, त्याची पाठ माझ्याकडे आणि पोरीचं तोंड माझ्याकडे. म्हणजे चित्र मला एक बोटभर दिसत नाही, फक्त ती दिसते. आणि काय करे माहीत आहे का? दोन वेळा ब्रश मारे आणि खिडकीबाहेर पाहे. पुन्हा दोन वेळा मारे, पुन्हा बाहेर पाहे. मी म्हटलं, अच्छा! हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे. काहून पाहून राहिली ही एवढी बाहेर? कोणता पोरगा उभा राहते खाली? मी चार वेळा वाकून गल्लीत पाहिलं, एकदा तर लाटणं खाली पडलं, पण गल्लीत कोण? एक गाय आणि कुलरवाला. मी म्हटलं जाऊ दे, चित्रकार लोक असेच पाहतात शून्यात.

मग प्रदर्शन लागलं मंडळाच्या हॉलमध्ये. विषय होता "आमचं जबलपूर". अठ्ठावीस चित्रं, त्यातली एकोणीस धुआंधारची! एकोणीस धबधबे ओळीनं! मला तर चालता चालता गारठा वाटायला लागला. आणि त्या सगळ्या पाण्याच्या मधे हिचं चित्र... एक खिडकी. जुने गज. गजांच्या आड एक बाई, हनुवटी हातावर, डोळे असे वटारलेले की चित्रातून बाहेर पडून तुमच्या पिशवीत काय आहे ते पाहतील. मी हसले! मी म्हटलं, "ही कोण गं चोंबडी म्हातारी? ऋचा, तुझी अमरावतीची आजी का?" आजूबाजूचे सगळे एकदम हसले. मी पण त्यांच्यासोबत हसले. आता कळते की आम्ही वेगवेगळ्या गोष्टीवर हसून राहिलो होतो.

पण चित्र काय होतं! बाईच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती. आणि शेजारी उभे श्यामसुंदरजी. हे बिजलीच्या खात्यातून रिटायर, मंडळात प्रत्येक गोष्टीचा नियम यांना पाठ, आणि यांची नात प्रणोती, तिचं पण चित्र होतं. धुआंधार! मी भोळी बाई, मनात काही नाही, यांनाच म्हटलं, "श्यामसुंदरजी, पाहिलं का? अगदी कॉम्प्युटरनं काढल्यावानी!"

झालं. पहिला नंबर ऋचा, दुसरा प्रणोती, आणि तिसऱ्या दिवशी श्यामसुंदरजींचा तक्रार अर्ज. दोन पानी! त्यात लिहिलं, "सदर चित्र कृत्रिम बुद्धीकडून तयार करवून, कॅनव्हासवर छापून, वरून रंग फासल्याचा दाट संशय असून, उपस्थित रसिकांनीही तसे उद्गार काढलेले आहेत." उपस्थित रसिक म्हणजे कोण? मी! आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी रसिक म्हटलं, ते पण तक्रारीत!

आणि त्यांची पण सगळी चूक नाही, खरं सांगते. मागच्या वर्षी एका मुलानं दिलं होतं असंच चित्र, भेडाघाटचं. पहिला नंबर, टाळ्या, शाल. मग कोणीतरी नीट पाहिलं तर नावाडी वल्हं मारून राहिला आणि नाव पाण्याच्या वर दीड हात चालून राहिली! तेव्हापासून मंडळाचा नियम, मशीनचं चित्र निघालं तर नंबर रद्द, आणि हॉलमधे नाव वाचून दाखवायचं. आता विचार करा, त्या पोरीचं नाव वाचून दाखवतील, आणि तिचा बाप तिथंच बसलेला!

रविवारी सकाळी अकरा वाजता बोलावलं सगळ्यांना. मला रात्री झोप नाही, सकाळी चहात मीठ टाकलं. गेले. हॉल भरलेला! एरवी व्याख्यानाला अकरा माणसं येतात, त्यातली चार चहाची. आज खुर्च्या कमी पडल्या. समोर टेबलाशी सरोजिनीताई, आमच्या अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही त्यांच्यासमोर मला वाटते नखं तपासतील. बाजूला स्टँडवर ते चित्र. आणि ऋचा उभी. ओठ पांढरे.

श्यामसुंदरजी उठले. "मी व्यक्तिशः कोणाच्या विरोधात नाही!" असं म्हणणारा माणूस कधी पाहिला का तुम्ही जो विरोधात नाही? "माझा मुद्दा तांत्रिक आहे. आजकाल मोबाईलला नुसतं सांगायचं, एक म्हातारी काढ, खिडकी काढ. चार सेकंदांत तयार! मग बाजारात कॅनव्हासवर छापून देतात, वरून थोडा रंग लावा, झालं पेंटिंग. अठरा वर्षांची मुलगी असे डोळे काढेल? मग आमच्या मुलांनी हातानं कशाला काढायचं?"

हॉलमधे कुजबुज. ऋचा म्हणते, "मी नाही केलं ना सर वैसा कुछ. मीच काढलं."

"मग आत्ता काढून दाखव! घे कागद. घे पेन्सिल. काढ कोणाचाही चेहरा."

दिला की हो कागद हातात! आणि शंभर डोळे तिच्या बोटांवर. पोरीनं एक रेघ मारली, ती पण वाकडी, दुसरी मारली, टोक मोडलं. टक् आवाज झाला, मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. अहो, एवढी माणसं पुढ्यात बसवून मला कोणी म्हटलं पोळी लाट, तर मला गोल येईल का? चाळीस वर्षं लाटून राहिली मी!

श्यामसुंदरजींनी फक्त मान हलवली. ते जास्त वाईट. आणि अच्युतभाऊ उठले. तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चल. घरी चल." एवढंच. पोरीनं कागद टेबलावर ठेवला, उलटा करून, आणि निघाली.

एक मन म्हणते, नंदे, बस. तू उठलीस तर सगळं जबलपूर विचारेल की तुला कसं माहीत. दुसरं मन म्हणते, ही आग तुझ्याच तारिफेची आहे, पाणी कोण टाकेल? आणि तुम्हाला सांगते, मी कधी उभी राहिले मलाच कळलं नाही. "थांबा! मी पाहिलं!"

सगळा हॉल वळला. सरोजिनीताई चष्म्यावरून म्हणतात, "काय पाहिलं, नंदाताई?"

"हिला काढताना पाहिलं. सतरा दिवस. रोज."

"रोज? तुम्ही रोज काय पाहत होता?"

म्हटलं, "मी पाहत नाही हो, मला दिसते!" लोक हसले, हसू द्या. मी सुरूच झाले, आता थांबते कशाला! म्हटलं, सकाळी साडेसातला ही बसे, दहाला आई पोह्यांची प्लेट ठेवे, ती एकपर्यंत तशीच, त्यात एकदा ब्रश बुडवला हिनं, चहातही बुडवला, आणि तो चहा प्याली पण! तिसऱ्या दिवशी सगळं पुसून काढलं आणि रडली. आठव्या दिवशी स्वतःशीच नाचली. बारावा दिवस, पंधरावा दिवस... आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "आणि अच्युतभाऊ, तुम्ही काहून गप्प? तुम्ही तर रोज पहाटे पाचला उठून, पोरगी झोपेत असताना, त्या चित्रासमोर उभे राहता! बनियनवर! दहा दहा मिनिटं! तुम्हाला तर माहीत आहे ते कसं कसं वाढत गेलं!"

अरे देवा. ऋचानं बापाकडे पाहिलं. बापानं खाली पाहिलं. तिला माहीतच नव्हतं! आणि मला कळलं की हा माणूस बोलू शकत होता आणि बोलला नाही. काहून नाही बोलला? ती हरली तर क्लासला जाईल म्हणून? ते मला नाही दिसलं, ते खिडकीतून दिसत नाही.

श्यामसुंदरजी सोडतात का? "घरच्यांची साक्ष चालत नाही. नंदाताई, तुम्ही फक्त एवढं सांगा, काढताना ती मोबाईलमधे पाहत होती का? हो की नाही?"

आता आली का पंचाईत! कारण पाहत होती. मोबाईल पाण्याच्या ग्लासाला टेकवलेला असे, आणि ती मान वळवून वळवून त्यात पाहे. त्यात काय होतं मला काय माहीत! हो म्हटलं तर पोरगी संपली. नाही म्हटलं तर... हे पाहा, मी बोलते जास्त, हे मला मान्य आहे. पण जे दिसलं त्यात मी आजवर मीठ टाकलं असेल, खोटं नाही टाकलं. आणि आज खोटं बोलले तर आधीची सतरा दिवसांची साक्ष पण पाण्यात. मी ऋचाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "हो. पाहत होती."

"संपलं!" म्हणाले श्यामसुंदरजी.

"संपलं नाही," सरोजिनीताई म्हणाल्या. "ऋचा, मोबाईल आण. काय पाहत होतीस ते दाखव."

पोरगी जागची हलेना. म्हणते, "मॅम, नको ना. प्लीज." आता तर सगळ्यांना खात्रीच पटली! शेवटी आईनं पर्समधून मोबाईल काढून दिला. सरोजिनीताईंनी पाहिलं. चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे. आणि म्हणतात, "नंदाताई, जरा इकडे या."

गेले. मोबाईलमधे मी! माझी खिडकी, मी, मरून रंगाची साडी, तोंड अर्धं उघडं, जांभई का बोलणं देव जाणे! "ही तर मी!" म्हटलं. ताई म्हणाल्या, "आणि ही?" चित्राकडे बोट. आणि हॉलमधे मागून कोणीतरी म्हणते, "काकू, पूरे जबलपूर को पता है, बस तुम्हालाच नाही!"

मी त्या चोंबड्या म्हातारीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. नाक एवढं? माझं नाक एवढं? आणि मी म्हणे अमरावतीची आजी! म्हणजे पोरगी सतरा दिवस गल्लीत नाही, शून्यात नाही, माझ्याकडे पाहून राहिली होती, आणि मी तिच्याकडे! आणि मी म्हणत होते मला सगळं दिसते!

श्यामसुंदरजींना तर जोरच आला. "म्हणजे फोटो दिला कॉम्प्युटरला आणि म्हटलं याचं चित्र कर! सिद्ध झालं!"

पण मी ऐकतच नव्हते. मी पाहत होते, आणि या वेळेस मुद्दाम पाहत होते हो, पहिल्यांदा मुद्दाम. चित्रातल्या बाईची साडी निळी होती. फोटोत मरून. आणि हनुवटीखालच्या बोटाला पांढरी चिंधी, हळदीचा पिवळा डाग असलेली. फोटोत बोट चांगलं. म्हटलं, "फोटो पहिल्या दिवसाचा असेल. हे बोट नवव्या दिवसाचं आहे. बुधवार, साडी निळीच होती. विळीवर कापलं होतं कारली चिरताना. हळद भरून चिंधी बांधली. दोन दिवसांत सोडली. कोणाला सांगितलं नाही मी. हे गेल्यापासून घरात आहे कोण सांगायला? मुलगा अनुपम पुण्याला, त्याला काय फोन करून बोट सांगू? त्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलं माझं बोट कापलं? या पोरीनं पाहिलं. एकटीनं."

सरोजिनीताईंनी चित्र स्टँडवरून उचललं आणि सरळ खिडकीशी नेलं, उन्हासमोर धरलं, मागून ऊन येईल असं. शाळेत खोडलेली उत्तरं अशीच पाहत असतील. म्हणतात, "श्यामसुंदरजी, या. चिंधीच्या खाली पाहा." आम्ही सगळेच गेलो, ढकलाढकली! आणि खरंच, रंगाच्या खाली सावलीसारखं दुसरं बोट. बिनचिंधीचं. निळ्या पदराच्या खाली मरून पदराचा उंचवटा. हनुवटी आधी जरा वर होती, ती पण दिसली. "छापलेल्या चित्राच्या पोटात जुनं चित्र नसतं," ताई म्हणाल्या. "ही मुलगी चुकत चुकत, बदलत बदलत गेली आहे. नंदाताई ज्या दिवशी जशा होत्या, तशा."

मी म्हटलं, म्हणजे त्यात मी सतरा दिवसांची आहे!

श्यामसुंदरजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, बोटानं तो उंचवटा चाचपला. मग म्हणाले, "तक्रार मागे घेतो." आणि हळूच, "पण दरवेळी खिडकीत नंदाताई कुठून आणायच्या?" आता हे मात्र लाखमोलाचं बोलले हो. कारण पुढच्या वेळेस एखादी पोरगी दार लावून काढेल, तिची साक्ष कोण देईल?

मी सरोजिनीताईंना विचारलं, "पण ताई, त्या मशीनला येते कसं एवढं?" तर म्हणे त्यानं हजारो, लाखो चित्रकारांची चित्रं पाहून ठेवली आहेत, कोणाला न विचारता. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे माझ्यावानीच! मी पण न विचारता पाहते. पण मी दुसऱ्याची भाजी पाहून ती आपल्या ताटात नाही वाढत, आणि वाढलीच तर सांगते की बाई, ही समोरच्यांची. एवढं तरी पाहिजे ना?

अच्युतभाऊ चित्राजवळच उभे. मग ऋचाला म्हणाले, "त्या फॉर्मला फोटो किती लागतात? पासपोर्ट साईज?" बस, एवढंच. पण पोरगी अशी रडली, की तीन दिवसांचं सगळं त्यात निघून गेलं. सोमवारी फॉर्म गेला. दुपारी बारा दहाला. मला दिसलं.

तुम्ही म्हणाल, झालं ना भलं, मग तक्रार कशाची? सांगते! संध्याकाळी मी ऋचाला खिडकीतूनच हाक मारली. म्हटलं, "सगळं खरं गं बाई, पण माझा फोटो काढलास, माझं चित्र काढलंस, नाक एवढं काढलंस, एकदा तरी मला विचारलं का?"

पोरगी शांतपणे म्हणते, "काकू, तुम्ही मला कधी विचारलं?"

मी पोळी उलटवली.

आणि चित्र आता मंडळाच्या हॉलमधे कायमचं लागलं, बरोब्बर दारासमोर. येणारा जाणारा म्हणते, "नंदाताई, इथंही तुमचं लक्ष!" आणि खरा त्रास तो नाही हो. त्रास हा, की आता गल्लीत जरा कोणाचा आवाज चढला की मी आधी साडी नीट करते, केस विंचरते, चेहऱ्याला पावडर लावते, कोण जाणे समोर कोणी काढून राहिलं असेल... आणि तयार होऊन खिडकीशी येते, तर भांडण संपलेलं असते!